वेदनाशामक गोळ्यांची अतिमात्रा आणि यकृत : पहिल्या आठ तासांचे महत्त्व

पॅरासिटॅमॉलची गोळी नाही असे घर आज महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. ताप आला, डोके चढले, दाढ ठणकली किंवा भातलावणीनंतर कंबर धरली की फडताळातील पाकीट बाहेर येते. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो अशा निरनिराळ्या नावांनी ती ओळखली जाते. अमेरिकेत याच औषधाला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. आशा कार्यकर्तीच्या पेटीत ती असते. पोटाला न बाधणारे, लहान मुलांनाही देता येणारे हे औषध ठरलेल्या मात्रेत घेतले असता अतिशय सुरक्षित आहे, यात शंका नाही. निरोगी प्रौढाने चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, एवढेच पथ्य.

तथापि हेच सौम्य औषध अतिमात्रेत पोटात गेले तर यकृताचा नाश करू शकते. आणि विशेष हे की, हा नाश सुरू असताना पहिला दिवसभर ते बाहेर काहीही कळू देत नाही. रुग्ण चालतो, बोलतो, चहा घेतो. अशा वेळी डॉक्टरांच्या आधी ज्यांना बोलावणे येते ते बहुधा शिक्षक, सरपंच, पोलीस पाटील किंवा शेजारचे कोणी शासकीय कर्मचारी असतात. ‘याला कितपत धोका आहे?’ हा प्रश्न प्रथम त्यांच्यापुढे येतो. चेहरा पाहून या प्रश्नाचे उत्तर दिले की ते चुकण्याचाच संभव अधिक. हे उत्तर वैद्यकशास्त्र कशावरून देते, आणि त्यासाठी गावातून कोणती माहिती रुग्णालयापर्यंत पोहोचली पाहिजे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

यकृतात काय घडते

पोटात गेलेल्या पॅरासिटॅमॉलचा फार मोठा भाग यकृत दोन सरळ मार्गांनी निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. थोडासा भाग मात्र तिसऱ्या वाटेने जातो आणि त्यापासून एक अत्यंत दाहक द्रव्य तयार होते. नेहमीच्या मात्रेत याची चिंता नसते. कारण यकृताच्या पेशींमध्ये ग्लुटाथायोन नावाचे संरक्षक द्रव्य साठवलेले असते व ते या दाहक द्रव्याला तयार होताक्षणीच बांधून टाकते.

अतिमात्रेत पहिले दोन मार्ग तुंबतात. तिसऱ्या वाटेने जाणारा लोंढा वाढतो आणि ग्लुटाथायोनचा साठा झपाट्याने खर्च होऊ लागतो. हा साठा मूळच्या सुमारे तीस टक्क्यांच्या खाली गेला की दाहक द्रव्य मोकळे सुटते व पेशींच्या अंतर्भागालाच चिकटून त्यांना मारू लागते. धरणात पाणी आहे तोवर कालव्याकडे कोणी पाहत नाही, तसेच हे आहे. साठा संपेपर्यंत रुग्णाला काहीही जाणवत नाही, आणि जाणवू लागते तेव्हा पेशी मरू लागलेल्या असतात.

ज्यांचा हा साठा मुळातच कमी, त्यांना धोका अधिक. दीर्घकाळ उपाशी किंवा कुपोषित असलेली व्यक्ती, रोज मद्य घेणारा मनुष्य, क्षयरोगावरील आयसोनियाझिड किंवा अपस्मारावरील फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन यांसारखी औषधे चालू असलेला रुग्ण यांची गणना डॉक्टर या वर्गात करीत आले आहेत. सबब रुग्णाला पाठविताना त्याची चालू औषधे सांगणे महत्त्वाचे ठरते.

फसवा पहिला दिवस

पहिल्या चोवीस तासांत मळमळ, एखाददुसरी उलटी, अन्नावरची वासना जाणे, अंगाला घाम, एवढेच दिसते. कित्येकांत तेवढेही दिसत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी उलट्या थांबून रुग्णाला उलट बरे वाटू लागते. मात्र उजव्या बरगडीखाली दुखू लागते व रक्तातील एसजीपीटी हा घटक चढू लागतो. निरोगी माणसात साधारण चाळिसाच्या आत असणारा हा आकडा हजारांत जातो. एक हजाराच्या वर गेल्यास यकृताला गंभीर इजा झाली असे मानतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी परमावधी होते : कावीळ, रक्त न गोठणे, भ्रम, ग्लानी, काही रुग्णांत मूत्रपिंडांचाही बिघाड. यातून जे वाचतात त्यांचे यकृत पुढील एक-दोन आठवड्यांत भरून येते.

या औषधाने झोप येत नाही, गुंगी येत नाही. क्षणिक उद्वेगाच्या भरात ज्यांनी गोळ्या घेतल्या ते सकाळी पूर्ण शुद्धीवर असतात, पुष्कळदा त्यांना पश्चात्ताप झालेला असतो, आणि आपण वाचलो अशा समजुतीने ते गप्प बसतात. घरचे लोक पित्त झाले असे म्हणतात. उपचाराचे सर्वांत मोलाचे तास येथे वाया जातात.

समजा, कनिष्ठ महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने रात्री नऊ वाजता घरातल्या गोळ्या घेतल्या. पहाटे दोन उलट्या झाल्या. सकाळी ती नेहमीप्रमाणे वर्गात आली आणि मैत्रिणीजवळ बोलली. मैत्रिणीने धीर करून साडेदहा वाजता वर्गशिक्षिकेच्या कानावर घातले. शिक्षिकेने बोलावले तेव्हा मुलगी म्हणते, “बाई, आता मला काहीच होत नाही. घरी सांगू नका ना.” ती खोटे बोलत नाही, तिला खरोखरच काही होत नसते. परंतु साडेतेरा तास उलटून गेलेले असतात. येथे ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ असे म्हणणारी शिक्षिका कितीही मायाळू असली तरी चुकते, आणि त्याच क्षणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविणारी शिक्षिका बरोबर ठरते. घरी तर कळवावेच लागेल. पण कसे कळवायचे याचा विचार रुग्णवाहिका निघाल्यानंतरही करता येतो.

एडिंबरोचा अनुभव व धोक्याची रेषा

पॅरासिटॅमॉलच्या अतिमात्रेने यकृताचा नाश होतो ही गोष्ट १९६६ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील डॉक्टर डेव्हिडसन व ईस्टहॅम यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रथम मांडली. औषध त्यापूर्वी दहा वर्षे ब्रिटनच्या बाजारात होते. पुढे रुग्णांची संख्या वाढत गेली आणि डॉक्टरांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. दोन रुग्ण सारखेच दिसत. त्यांतला एक तिसऱ्या दिवशी घरी जाई, तर दुसरा चौथ्या दिवशी बेशुद्ध होई. कोणाला काय होणार हे आधी ओळखावयाचे कसे?

रुग्णाने सांगितलेल्या गोळ्यांच्या संख्येवर सर्वस्वी विसंबता येत नव्हते. कोणी घाबरून जास्त सांगे, कोणी लपवी, कोणी उलटीतून निम्म्या बाहेर टाकलेल्या असत. भरवशाचे दोनच आकडे उरले : गोळ्या घेतल्यापासून गेलेला वेळ आणि त्या वेळी रक्तात असलेले औषधाचे प्रमाण. एडिंबरोच्या विषबाधा उपचार केंद्रातील हेन्री मॅथ्यू आणि अमेरिकेतील डेन्व्हरचे बॅरी रुमॅक यांनी १९७५ मध्ये या दोहोंचा मेळ घालणारा आलेख प्रसिद्ध केला. रुमॅक-मॅथ्यू आलेख या नावाने तो आजही जगभर वापरला जातो.

आलेखाची रीत समजण्यास अवघड नाही. आडव्या रेषेवर तास आणि उभ्या रेषेवर रक्तातील औषधाचे प्रमाण मांडावयाचे. चौथ्या तासाला दर मिलिलिटरमागे १५० मायक्रोग्रॅम या बिंदूपासून एक उतरती रेषा निघते. दर चार तासांनी ती निम्मी होते : आठव्या तासाला ७५, बाराव्या तासाला सुमारे ३७, सोळाव्या तासाला सुमारे १८. रुग्णाचा बिंदू रेषेवर किंवा तिच्यावर पडला तर उतारा द्यावयाचा; खाली पडला तर यकृताला इजा होण्याचा संभव फारच थोडा. मूळ रेषा २०० पासून निघत होती. सुरक्षिततेसाठी ती अमेरिकेत पाव हिश्शाने खाली आणली गेली. ब्रिटनने तर २०१२ मध्ये सर्व रुग्णांसाठी १०० पासून निघणारी रेषा स्वीकारली. म्हणजे थोड्या अनावश्यक रुग्णांना उतारा मिळाला तरी चालेल, पण आवश्यक असलेला एकही सुटू नये, असा हा हिशेब आहे.

एकच आकडा दोन निरनिराळ्या वेळी अगदी निरनिराळा अर्थ सांगतो, ही या आलेखातील मुख्य गोष्ट होय. रक्तात ६० मायक्रोग्रॅम आढळले आणि गोळ्या घेऊन चारच तास झाले असतील, तर रुग्ण रेषेच्या बराच खाली आहे. तेच ६० बाराव्या तासाला आढळले तर तो रेषेच्या बराच वर आहे. त्याचे यकृत औषध बाहेर टाकण्यात मागे पडत आहे. वेळ चुकीची सांगितली गेली तर उत्तम प्रयोगशाळेचा अहवालही दिशाभूल करील.

आलेखालाही मर्यादा आहेत. चार तास पूर्ण होण्यापूर्वी काढलेल्या रक्तावरून तो वाचता येत नाही, कारण औषध अजून आतड्यातून रक्तात उतरतच असते. दोन दिवस थोड्या थोड्या गोळ्या घेत गेलेल्या रुग्णास तो लागू पडत नाही. वेळ मुळीच ठाऊक नसेल तरी तो निरुपयोगी ठरतो. अशा वेळी रक्तात औषध सापडते काय आणि एसजीपीटी वाढले आहे काय, या दोन गोष्टी पाहून डॉक्टर निर्णय घेतात व शंकेचा फायदा उताऱ्याच्या बाजूने देतात. आपल्याकडील बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत रक्तातील पॅरासिटॅमॉल मोजण्याची सोय नसते. तेथे हाती असलेल्या माहितीवरून, म्हणजे रिकाम्या पाकिटांवरून व वेळेवरून, उतारा सुरू करणे हेच शास्त्रशुद्ध होय. अहवाल आठ तासांच्या आत येणार नसेल तर त्याची वाट पाहत बसू नये, असाच संकेत आहे.

उतारा

या विषावर उतारा आहे, ही या विषयातील सर्वांत आशादायक बाब. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन असे त्याचे नाव. छातीतील कफ पातळ करण्यासाठी ते आधीपासून वापरात होते. सडक्या अंड्यासारखा त्याला दर्प येतो. शरीरात गेल्यावर त्यापासून ग्लुटाथायोन बनविण्याचा कच्चा माल मिळतो, म्हणजे आटलेला साठा पुन्हा भरू लागतो. एडिंबरोच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये शिरेतून हे औषध दिलेल्या शंभर गंभीर रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दहा तासांच्या आत उतारा मिळालेल्या ६२ रुग्णांपैकी एकाच्याच यकृताला गंभीर इजा झाली. दहा तासांनंतर उतारा मिळालेल्या ३८ जणांपैकी २० जणांना ती झाली. उताऱ्याविना केवळ साधे उपचार झालेल्या पूर्वीच्या ५७ रुग्णांत हे प्रमाण ३३ होते. पहिल्या आठ तासांत सुरुवात झालेल्यांना तर जवळजवळ संपूर्ण संरक्षण मिळाले.

अमेरिकेतील २,५४० रुग्णांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे उतारा तोंडावाटे देण्यात आला होता, निष्कर्ष तोच. धोक्याच्या रेषेवर असलेल्यांपैकी दहा तासांच्या आत उतारा सुरू झालेल्यांत यकृताची गंभीर इजा ६.१ टक्के, आणि दहा ते चोवीस तासांत सुरू झालेल्यांत २६.४ टक्के.

यावरून ‘आता उशीर झाला, नेऊन काय उपयोग’ असा अर्थ मात्र कोणी काढू नये. यकृत निकामी झाल्यानंतरसुद्धा हा उतारा उपयोगी पडतो असे १९९१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील अभ्यासात दिसून आले. त्या पन्नास अत्यवस्थ रुग्णांपैकी उतारा मिळालेल्या २५ जणांतील १२ वाचले. न मिळालेल्या २५ जणांतील ५ वाचले. लवकर जाणे उत्तम, परंतु उशिरा जाणे न जाण्यापेक्षा कितीतरी बरे.

शिरेतून उतारा देण्याचा रूढ क्रम एकवीस तासांचा आहे. त्या काळात अंगाला खाज येणे, चेहरा लाल होणे, क्वचित धाप लागणे असे त्रास होतात. परिचारिका सलाईनचा वेग कमी करते किंवा थोडा वेळ थांबविते, आणि पुन्हा सुरू करते. ‘औषध सोसले नाही’ असे म्हणून नातेवाइकांनी रुग्णाला अर्ध्यावर घरी नेऊ नये. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तसेच आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे. जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या सदस्यांनी आरोग्याच्या आढाव्यात साप-विंचवावरील औषधांबरोबर याच्याही साठ्याची विचारणा करावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जवळचे कोणते रुग्णालय हा उतारा देऊ शकते, हे घटना घडण्यापूर्वी ठाऊक असावे.

गावातून निघताना

डॉक्टरांचा सारा हिशेब वेळेवर आधारलेला असल्याने गावातील माणसाचे पहिले काम रुग्णवाहिका बोलावणे आणि दुसरे काम कागदावर वेळ लिहिणे. गोळ्या केव्हा घेतल्या, एकदम घेतल्या की थोड्या थोड्या, उलटी केव्हा झाली, आणखी कोणते औषध, मद्य किंवा कीटकनाशक घेतले काय, रुग्णाचे अंदाजे वजन किती, अशी चार-पाच ओळींची चिठ्ठी पुरे. नक्की वेळ कळत नसेल तर रुग्णाला धडधाकट व गोळ्या न घेतलेला असा शेवटचा कोणी व केव्हा पाहिला ते लिहावे. डॉक्टर लवकरात लवकरची शक्य वेळ धरून चालतील. सर्व रिकामी पाकिटे, बाटल्या व उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून बरोबर द्याव्यात. ‘पांढरी गोळी होती’ एवढ्याने काही कळत नाही. पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटॅमॉलबरोबर दुसरेही औषध मिसळलेले असते.

किती गोळ्यांनी धोका होतो याचा आकडा या लेखात हेतुपुरस्सर दिलेला नाही. असा आकडा हाती आला की गावात त्याचा उपयोग ‘एवढ्या नाहीत, मग नेण्याची गरज नाही’ असे ठरविण्याकडेच होतो. तो निर्णय रुग्णालयाचा.

मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करविण्याची जुनी सवय सोडून दिली पाहिजे. जास्त मिठाने स्वतंत्र विषबाधा होते, आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ताक, एरंडेल, लिंबू यांनी रक्तातले औषध कमी होत नाही. पहिल्या एक-दोन तासांत औषधी कोळसा देऊन पोटातील अंश शोषून घेता येतो. ते कामही रुग्णालयाचे. आणि तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले म्हणून काविळीचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे जाणे म्हणजे उरलेली संधीही गमावणे होय.

कायद्याची भीती

अनेक कुटुंबे वेळ घालवितात ती अज्ञानापेक्षा भीतीने. पोलीस केस होईल, मुलीचे नाव होईल, अशी कुजबुज सुरू होते. पंचायत सदस्य व पोलीस पाटील यांचा शब्द येथे फार मोलाचा ठरतो. म्हणून कायद्याची स्थिती त्यांना नेमकी ठाऊक असावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करावयाची नसून तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. अशा प्रयत्नाला गुन्हा मानणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. रुग्णालय वैद्यकीय-न्यायिक नोंद करील, ती त्याची रीत आहे. परंतु त्या नोंदीसाठी उपचार थांबविता येत नाहीत. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच तसे स्पष्ट केले आहे.

नकळत होणारी अतिमात्रा

सर्वच रुग्ण हेतुपुरस्सर गोळ्या घेणारे नसतात. तापाची गोळी एका नावाची, सर्दीची दुसऱ्या नावाची, गुडघेदुखीची तिसऱ्या नावाची, तिन्हींत पॅरासिटॅमॉल. डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरत नाही म्हणून दोन डॉक्टरांची औषधे एकाच वेळी चालू असतात. पाकिटावरील मोठे नाव सोडून खालचे बारीक अक्षर वाचण्याची सवय शाळेतील मुलांनाही लावता येईल. एका वर्गाला पाच रिकामी पाकिटे देऊन समान औषध शोधावयास सांगितले तर अर्ध्या तासाचा उत्तम पाठ होतो.

लहान मुलांच्या बाबतीत थेंब व पातळ औषध यांची गल्लत धोक्याची आहे. बाळांसाठीच्या थेंबांत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या पातळ औषधात ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला २५. थेंबांची बाटली हाती घेऊन चमच्याने पाजले तर चौपट औषध जाते. मुलाची मात्रा वयावरून नव्हे तर वजनावरून ठरते, आणि अंगणवाडीत वजनाची नोंद असतेच.

उपचारानंतर घरी परतलेल्या रुग्णाचे यकृत बहुधा पूर्ववत होते. मन पूर्ववत होण्यास अधिक काळ लागतो, आणि त्या काळात घरात गोळ्यांचा साठा नसावा. ब्रिटनने सप्टेंबर १९९८ पासून एका पाकिटात विकावयाच्या गोळ्यांची संख्या कायद्याने कमी केली; पुढील अकरा वर्षांत इंग्लंड व वेल्समध्ये या औषधाने होणारे मृत्यू ४३ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ च्या अभ्यासात आढळले. उद्वेगाचा क्षण फार वेळ टिकत नाही. हाताशी साधन नसले तर तो बहुधा निघून जातो. अशा रुग्णाशी किंवा त्याच्या घरच्यांशी बोलण्यासाठी केंद्र शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक असून तेथे रात्रंदिवस मराठीतूनही बोलता येते. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर तो १०८ च्या शेजारी लिहून ठेवण्यास खर्च येत नाही.